मर्टलने अडवलेला बुलडोझर

— छे छे, त्या खुर्चीत नका बसू, तिचा एक पाय लंगडा आहे, तुमच्या आधी आलेला तो टीव्हीवाला असाच पडला होता. इकडे बसा, खिडकीशी. फोन ठेवा टेबलावर, काय रेकॉर्ड करायचं ते करा, मला त्याची काही भीती नाही. लॅमिंग्टन घ्या, वर खोबरं लावलेला केक. घ्या हो, विष घातलेलं नाही — घालायचं मनात आलं होतं, पण सालोटे म्हणाली नको, आधी त्याला अहवाल लिहू दे. हसलात! चला, हसता येतं म्हणजे. सालोटे तुम्हाला दारात भेटलीच असेल, फुलाफुलांचा झगा, आवाज बंदराच्या भोंग्यासारखा — शेजारच्या घरात राहते, टोंगा बेटांवरची आहे, आमच्या रहिवासी समितीची अध्यक्ष. तिने मला सकाळी बजावून सांगितलंय: नोएलीन, ठरलंय तेवढंच बोल, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. कारण मामला काय आहे तो मलाही कळतो, मी काही दूधखुळी नाही. तुम्ही लिहिणार की या नऊ घरांना ऐतिहासिक महत्त्व आहे की नाही. नाही म्हणालात की कौन्सिल त्यांना वारसा यादीतून काढणार, यादीतून निघाली की सरकारचं घरखातं ती विकणार, विकली की घेणारा पाडणार, आणि मला उचलून रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे कुठल्या तरी एका खोलीत नेऊन टाकणार, जिथून समुद्र दिसत नाही आणि बसही रविवारी नसते. बरोबर ना? मान हलवू नका नुसती. बरोबर आहे ते.

तर ठरलेलं सांगते. ऐका. एकोणीसशे त्र्याहत्तरचा फेब्रुवारी. या हॅलोरन रोच्या, म्हणजे आमच्या या नऊ घरांच्या रांगेच्या, जागेवर एका बिल्डरला टॉवर बांधायचा होता. सकाळी बुलडोझर आला. पुरुषमाणसं कामाला गेलेली. तेव्हा मर्टल ऑस्गुड नावाची साठीची बाई, एकटी, हातात फक्त छत्री, बुलडोझरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली, ‘आधी माझ्यावरून घाल!’ आणि बुलडोझर तिच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबला. मग मजुरांच्या युनियनने त्या कामावर बंदी घातली, दोन वर्षं लढा चालला, बिल्डर बुडाला, घरं वाचली. झालं. संपलं. लिहिलंत? आता लॅमिंग्टन खा आणि जा.

काय? लेख? तुम्ही लिहिलेला? वाचलाय मी. वाचला म्हणजे सालोटेच्या मुलीने फोनवर मोठी अक्षरं करून लावून दिला. ‘छत्रीचं मिथक’. शब्द छान छान वापरता तुम्ही लोक. आणि नावाआधी डॉक्टर! माझा गुडघा गेली सहा वर्षं करकरतोय, त्याला काही सांगता येईल का तुम्हाला? — नाही ना. मग असू दे. रागावू नका, तुम्ही काही पहिले नाही. मर्टलवर हात साफ करून घ्यायला आजवर किती जण आले म्हणून सांगू! एक दाढीवाला आला होता, पायात सपाता, तो म्हणाला, हा लढा फसवा, कारण तुम्ही घरं वाचवलीत, व्यवस्था बदलली नाहीत. मी म्हटलं, बाबा, सोमवार होता, कपडे धुवायचा दिवस, व्यवस्था मंगळवारी बदलली असती. त्याने ते लिहूनही घेतलं! मग तो पेपरात सदर लिहिणारा — तो म्हणतो, हे सगळं युनियनच्या गुंडांनी रचलं, आणि मर्टल म्हणजे भाड्याने आणलेली नटी. मर्टल, नटी! चर्चच्या नाताळच्या नाटकात तिला मेंढीचं काम दिलं होतं, तेसुद्धा बाईला जमलं नाही, शिंकली. मग एक प्राध्यापिका. तिच्या मते ती छत्री म्हणजे साम्राज्य. हो, अख्खं साम्राज्य, त्या छत्रीत. मला विद्यापीठात बोलावलं होतं तेव्हा, छातीवर बिल्ला लावला — ‘समाजाचा आवाज’ — आणि दीड तास समाजाच्या आवाजाला कुणी तोंड उघडू दिलं नाही. शेवटी मीच उठून म्हटलं, अहो, ऊन होतं म्हणून छत्री होती. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, आणि प्राध्यापिका म्हणाली, बघा, त्यांना स्वतःलाही त्याचा अर्थ ठाऊक नाही. मग नाटक आलं. गाण्यांचं. त्यात मर्टल बुलडोझरवर चढून नाचते — त्या भोवऱ्या झालेल्या पायांनी! — आणि त्याच्यावर एका समीक्षकाने लिहिलं की मर्टलच्या मनातला संघर्ष पुरेसा खोल नाही. खोल! तिच्या मनात खोलवर काय असेल तर घोड्यांच्या शर्यती.

एकदाच, एकदाच एक बाई आली होती सभेला, या मातीतल्या मूळ लोकांतली, माझ्याच वयाची, पांढरे केस. सगळ्यांची भाषणं ऐकून घेतली आणि मग म्हणाली, ‘नऊ घरं वाचवलीत, छान केलंत. जमीन कुणाची होती?’   तिने ते माझ्या तोंडावर विचारलं, आणि सभा संपल्यावर खुर्च्या आवरायला थांबली. बाकीच्यांपैकी कुणी एक खुर्ची उचलली असेल तर शपथ. तेव्हापासून माझं हे माप आहे — टीका कर हवी तेवढी, पण नंतर खुर्च्या उचलतोस का ते बघू. तुम्ही उचलता का हो खुर्च्या?

आता तुमची तऱ्हा आणखीच वेगळी. तुम्ही फोटो भिंगाखाली धरलात. त्या प्रसिद्ध फोटोत — तोच, समोरच्या पबच्या भिंतीवर तीन मजली रंगवलाय तो, मर्टल ताडासारखी आणि बुलडोझर तिच्या घोट्याएवढा — मूळ फोटोत बुलडोझरच्या धुराड्यातून धूर निघत नाही, हे तुम्ही शोधलंत. भले शाबास. आणि चालकाची बैठक रिकामी. म्हणजे यंत्र आधीच बंद होतं, म्हणजे मर्टलने काही थांबवलं नाही, म्हणजे कुणीच काही थांबवलं नाही, म्हणजे लोकांना गोड लागली म्हणून एक गोष्ट पन्नास वर्षं फिरली. तुमचे शब्द आहेत, पाठ आहेत मला — ‘प्रतिकाराचा भास’. भास! एका धुरावरून तुम्ही इथवर पोचलात? सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच. अरे — आता मी तुला अरे-तुरेच करणार, माझ्या नातवापेक्षा लहान आहेस तू — अरे, तू बसलायस कुठे आत्ता? भासात बसलायस का? डोक्यावर हे छप्पर आहे ते काय भासाचं? तो टॉवर कुठे आहे मग, दाखव मला खिडकीतून! धूर नाही म्हणे! नसणारच धूर! दहा वाजले होते, स्मोको, चहाची सुट्टी, झाली होती, चालक चहा प्यायला खाली उतरला होता, मग यंत्र बंद नाही तर काय चालू असणार?

…काय झालं? एवढं काय लिहितोयस भराभरा?

हे बघ, ते — ते मी बोलण्याच्या भरात म्हटलं. म्हणजे, स्मोको रोजच असतो, त्या दिवशी पण असणार, असं म्हणायचं होतं मला. नको असा बघूस. मला ती नजर माहीत आहे, मासा गळाला लागल्यासारखी. श्या! सालोटे माझी मान मुरगाळेल. बरं. बरं, ऐक आता. अर्धं सांगितलेलं खोट्यापेक्षा वाईट, आणि अर्ध्यावर तू काय इमला उभारशील देव जाणे. पूर्णच ऐक. पण हे तुझ्या माझ्यात.

तर बुलडोझर आला तो सातच्या सुमाराला. मुकादम क्लिफ बॅनरमन, मान बैलासारखी, तो पुढे. त्याचा डाव साधा होता — दुपारच्या आत पहिल्या घराची एक भिंत पाडायची. एकदा भिंत पडली की घर मोडकं ठरतं, आणि मोडक्या घरासाठी कुणी भांडत नाही. कुंपण गेलं, अंगणातला संडास गेला — आत कुणी नव्हतं, नशीब — आणि पातं भिंतीला लागणार इतक्यात दहा वाजले. झालं. चालकाने यंत्र बंद केलं आणि उतरला. मर्व्ह डोलन त्याचं नाव, मला नंतर कळलं. क्लिफ ओरडला, अरे, एवढी एक भिंत तर पाड! मर्व्ह म्हणाला, स्मोको. दुसरा शब्द नाही. तुझ्या विद्यापीठात तुम्ही दिवसभर चहाच पिता, तुला नाही कळायचं, पण या देशात मुकादम पोलिसांना भीत नव्हता, पाद्र्याला भीत नव्हता, बायकोला तर नाहीच नाही, पण सकाळची चहाची सुट्टी रद्द कर म्हणायची त्याची छाती नव्हती. म्हटलं असतं तर दुपारपर्यंत निम्म्या शहरातल्या क्रेन थांबल्या असत्या.

आणि मर्व्ह कुठे आला, सांग? माझ्या दारात. ह्या, ह्याच दारात. हातात काळी मिचकूट किटली. ‘बाई, गरम पाणी मिळेल का जरा?’ माझं घर पाडायला आलेला माणूस माझ्याच घरात पाणी मागतोय! आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही नाही वाटलं. पद्धतच होती ती — काम असेल तिथल्या स्वयंपाकघरातून पाणी घ्यायचं. मी म्हटलं, ‘पाणी देते, पण घर राहील का ते सांगा.’ तो म्हणाला, ‘ते वीस मिनिटांनी बघू.’ आता आम्हाला हे माहीत होतं की युनियनने कबूल केलंय, रहिवाशांनी मागितली तर या कामावर बंदी घालू. पण बंदी म्हणजे काय? कुणी तरी युनियनचा माणूस फाटकात येऊन उभा राहिल्याशिवाय ती नुसती तोंडाची वाफ. आणि तो माणूस, चार्ली झामित, माल्टाचा, एवढासा बुटका, तो होता टेकडीखालच्या दुसऱ्या इमारतीवर. मी मागच्या कुंपणावरून हाक मारली, मागच्या घरातली बाई त्याला बोलवायला धावली — सात महिन्यांची पोटुशी, तशीच धावली — आणि इकडे मी मर्व्हची किटली गॅसवर ठेवली, आणि गॅस केला बारीक. अगदी बारीक. फुलपाखरू बसलं तरी पंख भाजले नसते इतका.

मर्टल? मर्टल कुठे होती म्हणतोस? बरोबर विचारलंस. मर्टल या रोमध्ये राहतच नव्हती! दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती माझा केकचा डबा परत करायला आली होती. ऊन असं की डांबर वितळतंय, पायाला भोवऱ्या, आणि अख्ख्या रस्त्यावर सावली एकच — बुलडोझरच्या पात्याची. तिथे एक बादली पालथी घालून बसली बया, छत्री उघडून. तेवढ्यात पेपरवाला फोटो काढायला आला. बघतो तर काय, यंत्र गप्प, मजूर गटारीच्या कडेला पाव खातायत, मुकादम घाम पुसतोय. रिकाम्या हाताने गेला तर संपादक सोलून काढणार. मग त्याची नजर गेली मर्टलवर. म्हणाला, ‘आजी, जरा उभ्या राहता का? छत्री वर धरा. आणि रागावल्यासारखं करा.’ मर्टल म्हणाली, ‘कुणावर रागावू?’ तो म्हणाला, ‘नवऱ्यावर.’ आणि मग तिने जो चेहरा केलाय! तो चेहरा पुढे पोस्टरांवर आला, झोळ्यांवर आला, चहाच्या मगांवर आला, आणि त्या चेहऱ्यात म्हणे कामगारवर्गाचा शतकांचा संताप एकवटलाय. तिचा नवरा रेज ऑस्गुड, त्याच्यावरचा संताप होता तो, बाबा, पगार पबमध्ये घालवायचा तो.

आणि हे बघ. इकडे ये. भिंतीवरचा हा फोटो, हा मूळ, न कापलेला. उजवा कोपरा बघ. दिसतात? तीन बोटं आणि किटलीचा कान. माझी बोटं. मी मर्व्हला पाणी घेऊन बाहेर येत होते. पेपरात छापताना तेवढंच कापलं. पोस्टरवर नाही, भिंतीवर नाही, मगावर तर नाहीच — मगावर, बघ, चहाच्या मगावर! — किटलीवाली बाई नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी मर्टल, आणि मी म्हणजे ही तीन बोटं. बरं, मला काही त्याचं वाटत नाही. वाटत नाही म्हणतेय ना! मी नुसतं दाखवलं.

पुढे काय व्हायचं. मर्व्ह माझ्याकडून किटली घेऊन वळला तर फाटकात चार्ली झामित उभा. गळ्यात ‘बंदी’ लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा, धापा टाकतोय. एवढंच. हात पसरून नाही, घोषणा नाही, काही नाही. मर्व्हने एकदा चार्लीकडे पाहिलं, एकदा क्लिफकडे. खाली बसला. चहा प्यायला — सावकाश, तीन चमचे साखर घालून — किटली रिकामी केली, टोपी घातली आणि घरी गेला. युनियनचा माणूस फाटकात उभा असेल तर त्याला ओलांडून जायचं नाही, मग आत तुझा सख्खा भाऊ पगार वाटत असला तरी. क्लिफ नाचला, थयथयला, म्हणाला मीच चालवतो यंत्र. त्याला येत कुठे होतं? मागे घेतलं ते सरळ विजेच्या खांबाला नेऊन टेकवलं. तिथेच ते तीन महिने उभं होतं, गंजून गेलं, मांजर व्यालं त्याच्यात.

हां, आता तुझे डोळे लकाकले. आता तू लिहिणार — योगायोग. नुसती चहाची सुट्टी. नुसती! ए डॉक्टर, ती सुट्टी काय आभाळातून पडली होती? बिल्डरने वाढदिवसाची भेट दिली होती? माझ्या बापाने बंदरावर संप केला होता त्या वीस मिनिटांसाठी. हिवाळाभर आम्ही चरबी लावलेला पाव खाल्ला. माझ्या भावाला शाळेत बूट नव्हते. कुणी तरी आधी उपाशी राहून ती वीस मिनिटं मिळवून ठेवली होती, म्हणून त्या दिवशी दहा वाजता क्लिफ बॅनरमनचं तोंड बंद झालं. आणि तुला त्यात योगायोग दिसतो! फोटोतला धूर शोधायला भिंग घेतलंस, तसं ते घड्याळाकडे का नाही धरलंस? खोटं पकडलंत की तुमचं काम संपतं, तिथेच तुम्ही थांबता. फोटो खोटा, टाळ्या. पण मग यंत्र परत सुरू का नाही झालं? ते विचारायला तुमच्यापैकी एकही या दारात आला नाही. तू आलास, कबूल आहे, पण तुला कौन्सिलने पैसे दिले म्हणून आलास.

आणि मग दोन वर्षं! दर गुरुवारी या टेबलाभोवती सभा. चार्ली मागच्या सभेत काय ठरलं ते वाचून दाखवायचा, त्याच्या त्या माल्टी सुरात, आणि अर्धी माणसं पेंगायची. एकदा पाऊण तास वाद झाला की बिस्किटं समितीच्या पैशातून आणायची की ज्याच्या घरी सभा त्याने. एक बाई त्याच्यावरून सोडून गेली. हा लढा, बाबा! हाच. याचा फोटो कोण काढणार? पेंगणाऱ्या माणसांचं पोस्टर कोण लावणार? दुसऱ्या महिन्यात सभेला पाच माणसं उरली, आणि बिल्डरचा वकील नुसता ताटकळत बसला होता, आम्ही कधी दमतोय म्हणून. तेव्हा मीच म्हटलं, मर्टलला पुढे करू या. फोटो आहेच. लोक सभेला येत नाहीत, पण बुलडोझर अडवणारी आजी बघायला येतील. आले की! ट्रामच्या जुन्या डेपोत आठशे माणसं आली. पण मर्टल व्यासपीठावर उभी राहिली आणि तिला बोलता येईना, तोंडात दात हलतायत. कुणी तरी ओरडलं, आजी, तेव्हा काय म्हणालात तुम्ही बुलडोझरला? ती आपली माझ्याकडे बघतेय. मी खालून सांगितलं — ‘आधी माझ्यावरून घाल.’

हो, माझं वाक्य आहे ते. माझं! नाटकात आहे, पबच्या भिंतीवर आहे, शाळेच्या पुस्तकात आहे, मर्टल ऑस्गुडच्या थडग्यावर कोरलंय, ते माझं आहे. मर्टल त्या दिवशी खरं काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, ‘नोएलीन, डबा कुठे ठेवू?’

दरवर्षी फेब्रुवारीत शाळेची मुलं येतात, पायरीवर बसतात, आणि मी त्यांना सांगते. छत्री, बूट, वीतभर अंतर. मी इतकं सुरेख सांगते की मागच्या वर्षी एक मुलगी रडली. आधी हातभर होतं अंतर, वीतभर मीच केलं.

काय म्हणालास? पुन्हा म्हण. — मी गॅस बारीक केला हे कुणी पाहिलं का? कुणी नाही पाहिलं. स्वयंपाकघरात मी एकटी होते. मर्व्ह दारात उभा, त्याची पाठ माझ्याकडे. तो वारला. नाही, मी कुणाला सांगितलंही नाही, कशी सांगणार? त्या संध्याकाळी अख्खा रो माझ्यावर तुटून पडला — शत्रूला चहा पाजला म्हणून! दोन बायका वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हा मी म्हटलं असतं, अहो, मी मुद्दाम गॅस बारीक केला, तुमच्यासाठी वेळ मिळवला, तर म्हणाल्या असत्या, आता बरं सुचतंय. वरातीमागून घोडं.  पण मी केला बारीक. माझा हात — हा असा — गॅसच्या कळीवर. मला आठवतंय. म्हणजे… त्या दिवसांत सकाळच्या वेळी गॅसला जोरच नसायचा या रस्त्यावर, सगळ्यांकडे तेच, अंडं उकडायला अर्धा तास. ते पण आठवतंय. पण हात कळीवर होता. होता ना? पन्नास वर्षं दर रात्री झोपताना मी ती कळ फिरवते, आता ती त्या सकाळी फिरली होती की नाही…

असं बघू नकोस माझ्याकडे. कीव नको मला.

तो दिवा — तो लाल ठिपका, तो फोनवरचा, तो अजून पेटलेलाच आहे? म्हणजे हे सगळं…? मी म्हटलं होतं, तुझ्या माझ्यात. पुस ते. स्मोकोपासून पुढचं पुस. मर्टल राहू दे, छत्री राहू दे. हे बघ बाळा, तुझं काय जातंय? तुझा आणखी एक लेख होईल, एक बढती होईल, इथे नऊ घरं आहेत. सालोटेची चार नातवंडं आहेत. सात नंबरमध्ये तो आंधळा गृहस्थ आहे, त्याला फक्त या रस्त्याचे दगड पायाने ओळखता येतात. आणि मी. मला दुसरीकडे कुठे ठेवलंस तर मी महिन्याभरात — जाऊ दे. पुसशील? … नाही. ‘जे ऐकलं ते लिहावं लागेल.’ हो. प्रामाणिक आहेस. तुझ्या अहवालात येईल: रहिवाशांपैकी नोएलीन स्केरिट यांनी स्वतः मान्य केलं की. संपलं.

बरं.

लिही तर मग. खुशाल लिही. पण एक सांगते, तूही ऐकून ठेव. कौन्सिलच्या सभेला माणसं येतील ती काही तुझ्या तळटीपा वाचून येणार नाहीत. आणि मी तिथे उभी राहून सांगणार की मी तुला असलं काही बोलले नाही, म्हातारीला गोंधळवून तू शब्द तोंडात घातलेस, आणि ते कळल्याबरोबर मी तुला घराबाहेर काढलं. रेकॉर्डिंग लाव की! लाव! लोक म्हणतील, बघा, बिचारीला बोलतं करून कसं फसवलंय. तू पुरावे दे, मी गोष्ट देते. बघू कौन्सिलच्या लोकांना निवडणुकीत कशाची भीती वाटते ती. पुढच्या फेब्रुवारीत शाळेची मुलं येतील तेव्हा मर्टलनंतर तुझी पाळी. नोएलीनआजीने त्या डॉक्टरला कॉलर धरून जिन्यावरून खाली फेकलं. दोघं होतात तुम्ही. नाही, तिघं, आणि एक वकील. आणि माझ्या हातात लाटणं होतं. हसू नकोस, पाच वर्षांत तुझ्याच विद्यापीठात कुणी तरी त्या लाटण्याचा अर्थ लावत बसलेला असेल.

ऊठ. फोन घे तो. उरलेलं लॅमिंग्टनही घे, वाया कशाला घालवायचं, पण खिशात लपव, हातात दिसता कामा नये. सालोटे आणि समितीची माणसं पायऱ्यांवर बसलीयत मघापासून, कान टवकारून. आता मी एकदा जोरात ओरडणार आहे, दचकू नकोस. दार उघडलं की मागे वळून बघायचं नाही. टाय जरा सैल कर. केस विस्कट. असं नाही, आणखी. हां. आणि चालत नको जाऊस, अर्धवट पळ — बघतायत सगळे.